उष्णतेची बदली

पेठ वडगावच्या बाजारपेठेत, किंवा महाराष्ट्रातल्या कुठल्याही पेठेत, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानातलं एक दृश्य आता सर्वमान्य झालं आहे. टेबलाखाली कॉम्प्युटर असतो. त्याच्या एका बाजूचं झाकण काढून भिंतीला टेकवलेलं असतं; दुकानाच्या उद्घाटनानंतर ते जागेवर बसलेलं कुणी पाहिलेलं नसतं. त्या उघड्या कुशीसमोर टेबल फॅन लावलेला असतो, आणि तो फिरता नसतो. मान फिरवायची कळ वर ओढून त्याला मशीनकडे तोंड करून खिळवलेलं असतं. गिऱ्हाइकाला घाम आलाच, तर त्याने आपल्या कागदपत्रांच्या फाइलने वारा घ्यावा. अशा थाटात सातबाऱ्याचं पान उघडायला घेतलं की आतला वीतभरही नसलेला पंखा सूर धरतो, सूर चढवतो, आणि पान अर्धं उघडेपर्यंत टिपेला पोचतो. मग ठरलेला संवाद होतो. "ह्यो एवढा का वरडतोय?" गिऱ्हाईक विचारतं. "लोड आलाय," दुकानदार सांगतो. "एका सातबाऱ्याचा लोड?" "तुमच्या सातबाऱ्यावर बोजे किती हायत बघा की, अण्णा!"

या उत्तरात पदार्थविज्ञान कमी आणि महसूल खातं जास्त असलं तरी मूळ तक्रार खरी आहे. कॉम्प्युटर तापतो, आणि त्याला गार करणारी वस्तू बोंबलते. तो गार राहावा आणि शिवाय गप्पही बसावा, म्हणून जगभरच्या हौशी माणसांनी किलोकिलोचे हीटसिंक, पाण्याच्या नळ्या, तेलाच्या टाक्या असं काय काय करून पाहिलं. माझं म्हणणं असं की हे सगळे उपाय एकाच गैरसमजावर खपतात : उष्णता संपवता येते. ती संपत नाही. सरकारी खात्यातल्या नकोशा माणसासारखी तिची फक्त बदली होते. प्रोसेसरवरून तांब्यावर, तांब्यावरून ॲल्युमिनियमच्या पात्यांवर, पात्यांवरून हवेत, हवेतून खोलीत आणि खोलीतून तिथं बसलेल्या माणसाच्या अंगावर. ऑर्डर किती गुपचूप निघाली, एवढाच उपायाउपायांतला फरक. शिवाय कॉम्प्युटर जेवढी वीज खातो तेवढी सगळीच्या सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे पदार्थविज्ञानाच्या हिशेबाने कॉम्प्युटर हा निव्वळ हीटर आहे. सातबारा त्यातून जाता जाता निघतो. आजचा एखादा तालेवार प्रोसेसर जोरात आला की अडीचशे वॅट घेतो, आणि ते सगळे अडीच चौरस सेंटिमीटरच्या चकतीतून बाहेर येतात. दर चौरस सेंटिमीटरला साधारण शंभर वॅट पडले. हजार वॅटच्या इस्त्रीच्या तळाला हाच हिशेब लावला तर जेमतेम पाच येतात. दुकानातलं मशीन इतकं तालेवार नसतं, त्याचा प्रोसेसर बहुधा पासष्ट वॅटांतला असतो. पण त्याच्या पात्यांवर पाच वर्षांची धूळ असते, त्यामुळे आवाजात तो तालेवारांना हार जात नाही.

बदलीची ही परंपरा जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली उभा राहिलेला 'टिफ्रॅक' हा भारतात बांधलेल्या पहिल्यावहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकांपैकी एक. त्यात २,७०० व्हॉल्व होते. जुन्या रेडिओतले चार-पाच व्हॉल्व मागच्या बाजूला हात लावू देत नसत, हे ज्यांना आठवतं त्यांनी पुढचा गुणाकार करावा. अशा यंत्राला वातानुकूलित खोली लागायचीच. पुढे यंत्रं लहान झाली, व्हॉल्व गेले, पण खोलीची सवय राहिली. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर बँकांत, पतसंस्थांत आणि साखर कारखान्यांच्या कचेऱ्यांत आला तो काचेचं केबिन, पडदे आणि एसी घेऊनच. बाहेर चपला काढायच्या असत. देवळात भाविक निदान प्रसादाच्या आशेने चपला काढतो. इथं तो थकबाकीची यादी बघायला अनवाणी जायचा. मशीनला धूळ चालत नाही आणि उकाडा सोसत नाही, असं कारण फाइलवर असायचं. ते खोटं नव्हतं, अपुरं होतं. एसी मंजूर झाल्यावर महिन्याभरात साहेबांचं टेबल त्या केबिनमध्ये सरकायचं. "साहेब कुठं आहेत?" "कॉम्प्युटरपाशी." "त्यांना येतो कॉम्प्युटर?" "नाही. पण एसी तिथं आहे." खिडकीबाहेर त्या एसीचं गरम तोंड बरोबर सायकल स्टँडकडे असायचं. साहेब गार, मशीन गार, आणि शिपायाच्या सायकलची सीट भाजून निघालेली. बदली झाली होती, फक्त खालच्या श्रेणीत.

एसी परवडत नसेल, किंवा परवडूनही त्याची घरघर नको असेल, तर पुढची पायरी म्हणजे अवाढव्य हीटसिंक. प्रोसेसरच्या डोक्यावर आधी काडेपेटीएवढा ॲल्युमिनियमचा ठोकळा असायचा. मग त्यावर पंखा आला, पंख्याचा आवाज आला, आणि आवाजाचा कंटाळा आलेली माणसं आली. कोरियाच्या झालमन कंपनीने या शतकाच्या पहिल्या दशकात फुलाच्या आकाराचे तांब्याचे हीटसिंक काढले, नंतर अख्खी पेटीच हीटसिंक असलेला बिनपंख्याचा कॉम्प्युटर काढला. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीने २०१४ साली 'एनएच-डी१५' आणला : साडेसोळा सेंटिमीटर उंच, दोन पंख्यांसकट १,३२० ग्रॅम वजनाचा. पंख्यांचा रंग तपकिरी आणि बदामी, म्हणजे कुणी रंग आवडला म्हणून घेतला असा आरोप त्यावर करता येत नाही. २०२१ साली याच कंपनीने पंखाच नसलेला 'एनएच-पी१' काढला, तो १,१८० ग्रॅमचा. हे वजन टेबलावर ठेवलेलं नसतं. उभ्या कॉम्प्युटरमध्ये ते मदरबोर्डाला आडवं लटकलेलं असतं. वर्षानुवर्षं जनावरांचा बाजार पाहिलेल्या गावात एखाद्याने असा खोका घरी नेला तर घरातले आधी तो हातात घेऊन वजनाचाच अंदाज घेतील. "काय आहे हे?" "कूलर." "पाणी कुठनं घालायचं?" "पाणी नाही लागत, आत नळ्यांत आहे." "मग भरून झालंय म्हण की." "तसंच समजा." हे उत्तर गमतीचं वाटलं तरी खरं आहे. या हीटसिंकच्या तांब्याच्या बंद नळ्यांत हवा काढून घेऊन थोडंसं पाणी ठेवलेलं असतं. प्रोसेसरच्या बाजूला त्याची वाफ होते, पात्यांच्या बाजूला तिचं पुन्हा पाणी होतं, आणि ते नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत परत जागेवर येतं. मोटर नाही, वीज नाही, आवाज नाही.

अवाढव्य असण्यातला शहाणपणा इथं सुरू होतो. पंख्याचा वेग निम्म्यावर आणला तर वारा निम्मा होतो, पण आवाज ढोबळमानाने पंधरा डेसिबलने उतरतो आणि तो पंखा खातो ती वीज आठव्या हिश्श्यावर येते. उलट, त्याच वेगाचा पण दीडपट व्यासाचा पंखा तिपटीहून जास्त वारा देतो. तेव्हा मोठा पंखा आणि हळू फिरणं, आणि तेवढ्या मंद वाऱ्यावर भागेल इतकी मोठी पाती, हा शांततेचा साधा मार्ग आहे. घराच्या आढ्याला चार फुटी पंखा लावून आपण तो आयुष्यभर दोन नंबरवर ठेवतो. मात्र कॉम्प्युटरच्या बाबतीत तळहाताएवढा पंखा मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी पळवायचा आणि वर त्याला ओरडतो म्हणायचं. माणसाला लहान वस्तूकडून जास्त काम करून घ्यायची हौस दांडगी. दुकानात कामाला ठेवलेल्या पोराला ती सगळ्यात आधी कळते.

हौशी माणूस मात्र मोठ्या ॲल्युमिनियमवर थांबत नाही. त्याला उत्तम धातू हवा असतो, आणि वडगावात हा मोह भलता जवळ आहे. उष्णता सर्वात चांगली वाहून नेणारा धातू चांदी : तिचा आकडा ४२९, तांब्याचा ४०० च्या आसपास, ॲल्युमिनियमचा २३७. चांदीच्या कारागिरीचं हुपरी तर याच हातकणंगले तालुक्यात. तेव्हा किलोभर चांदीचा हीटसिंक घडवून घ्यायला फार लांब जायला नको. पण या प्रकल्पाची घरगुती बाजू तपासून पाहिली पाहिजे. किलोभर चांदी घरात आली आणि ती कॉम्प्युटरच्या पोटात बसवली, हे ज्या घरात खपून जाईल त्या घराचा पत्ता अजून मिळालेला नाही. लग्नसराईत तिचे पैंजण होतील, पेरणीच्या तोंडावर ती तारण जाईल, आणि मशीन चार महिने उघड्या डोक्याने बसेल. कुणी म्हणेल, भावना बाजूला ठेवा, धातू सरस आहे की नाही? तांब्यापेक्षा सात-आठ टक्क्यांनी सरस आहे, एवढंच. गाडं अडतं ते धातूत नाही, पात्यावरून हवेत उतरताना. तिथं चांदीचं पातं आणि ॲल्युमिनियमचं पातं एकाच रांगेत उभं असतं. हवा कुणाची हॉलमार्क पावती बघत नाही.

तेलाची कथा याहून चविष्ट आहे. २००६ साली जर्मनीतल्या काही उत्साही मंडळींनी पंखे काढून टाकले आणि अख्खा कॉम्प्युटर खायच्या तेलात बुडवून चालवून दाखवला. तेलातून वीज वाहत नाही, त्यामुळे काही जळत नाही, आणि आवाज तर नाहीच. आपल्याकडे हा प्रयोग शेंगतेलात करायचा म्हटलं तर पहिली हरकत स्वयंपाकघरातून येईल आणि ती रास्त असेल. दुसरी हरकत रसायनाची : खायचं तेल कोमट राहिलं की काही काळाने खवट होतं, म्हणून पुढच्या लोकांनी खनिज तेल वापरलं. तिसरी हरकत कुणाला आधी सुचत नाही. तेल वायरींच्या आवरणातून वर चढतं, म्हणजे टाकीत ठेवलेलं तेल हळूहळू माऊसपर्यंत येतं आणि शेजारची वही तेलकट करतं. एखादा भाग बदलायचा तर आधी मदरबोर्ड निथळत ठेवावा लागतो. अर्थात ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी हेच अधिक दिमाखात केलं : १९८५ चा 'क्रे-२' हा महासंगणक एका खास द्रवात बुडवलेला असे, आणि त्यात बुडबुडे दिसत म्हणून त्याचं टोपणनावही तसंच पडलं होतं.

पाणी घालण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. विहिरीवरच्या ऑइल इंजिनाला पाण्यानेच गार ठेवायचे, बॅरलमधलं गरम पाणी वर चढून गार पाणी खाली यायचं आणि इंजिन आपली डुगडुग चालू ठेवायचं, हे वारणा-पंचगंगेच्या काठावर पिढ्यांनी पाहिलेलं आहे. पुण्यातल्या आयसर संस्थेतला 'परम ब्रह्म' हा महासंगणक पाण्यानेच गार ठेवतात. मग घरच्या कॉम्प्युटरची नळी सरळ विहिरीत सोडली तर? सुचवणारा भेटतोच. विहिरीचं पाणी उन्हाळ्यातही हवेपेक्षा गार असतं, हे बरोबर. पण ते वर आणायला मोटर लागते, शेतीच्या मोटरला वीज ठरलेल्या तासांना मिळते, आणि त्या तासांत रात्रपाळीही येते. म्हणजे मुलीच्या प्रवेशाचा फॉर्म भरायला रात्री अडीचला बॅटरी घेऊन बांधावर जाणं आलं. द्रवरूप नायट्रोजनचंही तसंच. उणे १९६ अंशांचा हा द्रव प्रोसेसरवर ओतून वेगाचे विक्रम करणारे लोक परदेशात स्पर्धा भरवतात आणि आपल्याला तो अद्‌भुत वाटतो. वास्तविक आपल्या भागात गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या याच द्रवाच्या डब्यात घेऊन लोक मोटरसायकलवरून गावोगाव फिरत असतात. तो डबा कॉम्प्युटरवर उपडा केला तर मशीन क्षणभर विक्रम करेल, त्यावर दव धरेल, पाणी सुटेल, आणि गोठ्यातलं पुढच्या वर्षीचं नियोजन कोलमडेल.

आता मोठी हरकत. ती कोल्हापुरात कुणीही घेईल : ज्या जिल्ह्यात मिरवणुकीच्या डॉल्बीने खिडक्यांच्या काचा थरथरतात, तालुक्यातच इचलकरंजीत यंत्रमाग दिवसरात्र खडखडतात, उसाने भरलेल्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या आणि त्याहून मोठी गाणी असतात, तिथं तीस-पस्तीस डेसिबलच्या पंख्याचं दुखणं कसलं काढता? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, म्हणजे बिचारा पंखा कायद्याच्या आतच आहे. हरकत जोरदार आहे, पण कानाचा स्वभाव ती लक्षात घेत नाही. डेसिबल ही मोजपट्टी यंत्राची झाली. माणसाची मोजपट्टी अशी की आवाज कुणाच्या आनंदासाठी चाललाय. आपल्या मंडळाचा डॉल्बी उत्साह असतो, पलीकडच्या मंडळाचा डॉल्बी प्रदूषण असतं, आणि कॉम्प्युटरच्या पंख्याचं तर मंडळच नसतं. शिवाय एकसुरी आवाज माणूस विसरतो. गिरणीशेजारी राहणारा गिरणी बंद पडली की जागा होतो. पण जो आवाज मध्येच चढतो, मध्येच उतरतो, तो विसरता येत नाही, आणि प्रोसेसरच्या तापमानावर चालणारा छोटा पंखा नेमकं हेच करतो. पान उघडलं की किंचाळणार, मिटलं की हुंदके देणार. तेव्हा हलकासा पण सतत बदलणारा आवाज त्रास देतो, हे म्हणणं नाजूकपणाचं नाही.

दुसरी हरकत खर्चाची, आणि तिथं मी हरकत घेणाऱ्याच्या बाजूने झुकतो. उत्तम हीटसिंकच्या किमतीत कुणी जुना कॉम्प्युटर विकत देऊ करतं, तोही पंख्यासकट. त्यात या वस्तूंच्या जाहिराती युरोपातल्या वीस-बावीस अंशांच्या खोलीत बसून लिहिलेल्या असतात. हीटसिंक कितीही थोर असो, तो प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. खोली जेवढ्या अंशांनी तापेल तेवढ्याच अंशांनी, साधारण, प्रोसेसरही तापतो. एप्रिलात पत्र्याखालच्या दुकानात अडतीस अंश असले की ऑस्ट्रियातल्या साठाचे इथं पंच्याहत्तर होणार. बहुतेक प्रोसेसर शंभराच्या आसपास आपणहून वेग कमी करतात. आणि ते पाहून माणूस म्हणतो, "सर्व्हर डाउन आहे."

एक हरकत सगळ्यात हुशार आहे : मोबाइलला कुठं पंखा असतो? खरंच, नसतो. याचा पुरावा शेजारीच आहे. १९९८ साली वारणा खोऱ्यातल्या सत्तर गावांत 'वायर्ड व्हिलेज' योजनेतून कॉम्प्युटर बसले. ऊसउत्पादकाला आपली तोड, वजन, बिल गावातच कळावं, हा हेतू. आठ-नऊ वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरूच्या संशोधन शाखेने त्यांतल्या सात गावांत कॉम्प्युटरऐवजी मोबाइलवरच्या एसएमएसने तेच काम करून पाहिलं आणि ते झालं. शेतकऱ्याला कॉम्प्युटर नको होता, उसाचा आकडा हवा होता. त्या दिवशी सात गावांतले पंखे फुकटात गप्प झाले, आणि कॉम्प्युटर शांत करण्याचा याहून स्वस्त उपाय अजून कुणाला सापडलेला नाही. पण उष्णतेचं काय झालं? बदली. आज आपण मोबाइलवर जे उघडतो ते कुठल्यातरी सर्व्हरमध्ये तापतं. तो नवी मुंबईत असेल, किंवा स्वीडनच्या लुलिओत, जिथं फेसबुकने २०१३ साली बाहेरच्या थंडीवर भरवसा ठेवून केंद्र उघडलं. मायक्रोसॉफ्टने तर २०१८ साली ८६४ सर्व्हर एका टाकीत बंद करून स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांपाशी समुद्राच्या तळाशी सोडले आणि दोन वर्षांनी काढले. ते जमिनीवरच्यांपेक्षा कमी बिघडले होते. तळाशी झाकण उघडून टेबल फॅन लावायला कुणी नव्हतं, हेही कारण असू शकेल.

तेव्हा माझा निवाडा मोठ्या पात्यांच्या आणि संथ पंख्याच्या बाजूने आहे. कारण तो खोटं बोलत नाही : जागा मागतो, वजन दाखवतो, आणि उष्णता निमूटपणे खोलीत आणून ठेवतो. पण पैसे काढण्याआधी एक करा. मशीन बंद करून प्लग काढा, आणि मऊ ब्रशने हीटसिंकमधली धूळ झाडा; पाच-सात वर्षांच्या मशीनमध्ये पात्यांच्या जागी बहुधा नुसता नमदा सापडतो, आणि निम्मा आवाज त्याच नमद्याचा असतो. ब्लोअरने हवा मारणार असाल तर आधी पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ते भन्नाट फिरतं, बेअरिंग जातं, आणि बाजारात नवा स्वस्त पंखा मिळतो तो जुन्यापेक्षा मोठ्याने ओरडणारा.